जीपीएम, एलपीएम, क्यूसेक, सीएफएम: फ्लोचं गणित पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात बडोद्यात कुणालाही विचारा, क्यूसेक हा शब्द माहीत असतोच. आजवा तलावाची लेव्हल फुटात, विश्वामित्री नदीची लेव्हल फुटात, नर्मदेच्या धरणातून सोडलेलं पाणी क्यूसेकमध्ये, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर घराघरातल्या आज्या मोबाइलवर आलेले आकडे मोठ्याने वाचून दाखवत होत्या. पण एक क्यूसेक म्हणजे किती लिटर असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, आमच्याकडे दरवर्षी आयटीआयची आणि डिप्लोमाची नवी पोरं येतात, हुशार असतात, लेथ चालवतात, ड्रॉइंग वाचतात, पण अमेरिकेची एन्क्वायरी आली आणि त्यात जीपीएम दिसलं की मोबाइल काढून पहिला जो आकडा दिसेल तो उतरवून घेतात. ह्या पोरांना मी जे वहीत लिहून देतो तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

फ्लो म्हणजे काय ते आधी डोक्यात पक्कं करा. किती पाणी आणि किती वेळात, बस, एवढंच. वरती व्हॉल्यूम, खाली वेळ. एलपीएम म्हणजे लिटर भागिले मिनिट, जीपीएम म्हणजे गॅलन भागिले मिनिट, सीएफएम म्हणजे घनफूट भागिले मिनिट, क्यूसेक म्हणजे घनफूट भागिले सेकंद, एमक्यूब पर अवर म्हणजे घनमीटर भागिले तास. एकदा हे वर-खाली दिसायला लागलं की कुठलंही एकक अनोळखी राहत नाही, कारण वरचं वेगळं बदलायचं आणि खालचं वेगळं बदलायचं. दोन्ही एकदम बदलायला गेलात की गोंधळ, आणि नव्या माणसाच्या बहुतेक चुका इथेच होतात.

म्हणून पहिलं काम कॅल्क्युलेटर उघडायचं नाही. पहिलं काम विचारायचं: कुठला गॅलन?

गॅलन दोन आहेत. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, आणि ब्रिटिश म्हणजे इम्पिरियल गॅलन ४.५४६ लिटरचा. दोघांत २० टक्क्यांचा फरक आहे, आणि पंपाच्या धंद्यात २० टक्के म्हणजे पंपच दुसरा. हे असं का झालं ते एकदा वाचून ठेवा म्हणजे विसरणार नाही. इंग्लंडमध्ये राणी अ‍ॅनच्या वेळी, १७०७ मध्ये, वाइन मोजायचा गॅलन २३१ घन इंचाचा ठरला. अमेरिका वेगळी झाली तरी तिकडे तोच चालू राहिला. पुढे १८२४ मध्ये ब्रिटनने नवा कायदा केला आणि दहा पौंड पाणी मावेल एवढा नवा गॅलन ठरवला, तो इम्पिरियल. आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात जी मशिनरी आली ती ब्रिटिश गॅलनवाली, आणि आता ज्या एन्क्वायऱ्या आणि डेटाशीट येतात त्या जास्त करून अमेरिकन गॅलनवाल्या. लिहिताना दोघेही बहुतेक वेळा नुसतं जीपीएम लिहितात.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका कारखान्यात कुलिंग टॉवरचा जुना पंप बदलायचा होता. पंप विलायती, पितळेची नेमप्लेट, आणि तिच्यावर दरवर्षीच्या रंगकामात मारलेल्या हिरव्या पेंटचे थर. मी टॉर्च मारून वाचलं, २५० जीपीएम. ३.७८५ ने गुणलं, तासाला ५७ घनमीटर आले, त्या हिशोबाने पंप दिला. हिवाळ्यात सगळं ठीक चाललं. मे महिना आला आणि ऑपरेटरचा फोन, साहेब, पाणी ओछुं आवे छे, म्हणजे पाणी कमी येतंय. आम्ही नोझल साफ केले, पंख्याचे पट्टे बदलले, स्ट्रेनर उघडून बघितला, पंपाचं प्रेशर तपासलं, पंप कर्व्हवर, म्हणजे कुठल्या प्रेशरला किती पाणी ते दाखवणाऱ्या आलेखावर, जेवढं द्यायचं तेवढं बरोबर देत होता. शेवटी जुना पंप भंगारात पडला होता तिथे गेलो, नेमप्लेट थिनरने पुसली, पॉलिश पेपर हळूच फिरवला. जीपीएमच्या आधी अगदी बारीक अक्षरात तीन अक्षरं कोरलेली निघाली, आय, एम, पी. म्हणजे २५० इम्पिरियल गॅलन, म्हणजे तासाला ६८ घनमीटर. तासाला ११ हजार लिटर पाणी कमी पडत होतं आणि आम्ही पंख्याला दोष देत होतो. मोठा इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, आणि मोठी मोटार घालून काम भागवलं, खर्च झालाच. तेव्हापासून मी नेमप्लेट पुसल्याशिवाय वाचत नाही आणि तुम्हीही वाचू नका.

तर मशीन कुठल्या देशाचं, साल कुठलं, हे बघा. अमेरिकन कंपनीचं असेल तर अमेरिकन गॅलन धरायला हरकत नाही, जुनं ब्रिटिश असेल तर इम्पिरियल, आणि दोन्हीपैकी काहीच कळत नसेल तर पार्टीला सरळ मेल टाकून विचारा की तुमचा गॅलन यूएस की इम्पिरियल, त्यात कमीपणा नाही. उलट पार्टीला कळतं की समोरच्याला काम येतं.

आता आकडे. मी पोरांना चारच पाठ करायला सांगतो: ३.७८५, ४.५४६, २८.३२ आणि ६०. पहिले दोन गॅलनचे लिटर, तिसरा एका घनफुटातले लिटर, आणि ६० तर शाळेपासून येतोच. ह्याच्या जोडीला एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा. बाकी जे शंभर फॅक्टर वेबसाइटवर असतात ते सगळे ह्यातूनच निघतात, पाठ करायची काही गरज नाही. घनफुटाचा २८.३२ कुठून आला तेही घरी करून बघता येतं. १ फूट म्हणजे बरोबर ३०.४८ सेंटीमीटर, त्याचा घन करा, २८,३१६ च्या वर थोडं येतं, तेवढे घन सेंटीमीटर म्हणजे तेवढे मिलिलिटर, हजाराने भागा.

आता उदाहरण करू, तेच २५० अमेरिकन जीपीएम घेऊ. एका ओळीत लिहा आणि प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याचं एकक लिहा, आळस करू नका:

२५० गॅलन प्रति मिनिट × ३.७८५ लिटर प्रति गॅलन = ९४६ लिटर प्रति मिनिट

९४६ लिटर प्रति मिनिट × ६० मिनिट प्रति तास = ५६,७६० लिटर प्रति तास

५६,७६० लिटर ÷ १००० = ५६.८ घनमीटर प्रति तास

बघा, पहिल्या ओळीत गॅलन वरती आहे आणि खालीही आहे, म्हणून कटला. दुसऱ्या ओळीत मिनिट कटलं. शेवटी जे उरलं ते घनमीटर आणि तास, म्हणजे जे पाहिजे होतं तेच. जर चुकून गुणण्याऐवजी भागलंत तर एकक कटणार नाही, गॅलनचा वर्ग वगैरे काहीतरी विचित्र उरेल आणि तिथेच कळेल की उलटं झालं. शाळेतलं त्रैराशिकच आहे हे, फक्त दोन वेळा करायचं. उलट जायचं असेल, म्हणजे घनमीटरवरून जीपीएम, तर ह्याच ओळी उलट्या वाचा, गुणाकाराच्या जागी भागाकार. तासाला १ घनमीटर म्हणजे ४.४ अमेरिकन जीपीएम, किंवा ३.६७ इम्पिरियल. हा ४.४ रोज लागतो म्हणून आपोआप पाठ होऊन जातो.

उत्तर आलं की ताळा करायचा, आणि ताळ्यासाठी मी एक तोंडी हिशोब वापरतो जो मला फार आवडतो. जुन्या लोकांना पावकी, म्हणजे चौथा हिस्सा, तोंडपाठ यायची ना, तीच. अमेरिकन जीपीएमची पावकी काढा आणि तिच्यातून दहावा हिस्सा कमी करा, तासाचे घनमीटर आले. इम्पिरियल असेल तर पावकी काढा आणि दहावा हिस्सा वाढवा. २५० ची पावकी ६२.५, त्यातून ६.२५ कमी केले, ५६.२५, खरं उत्तर ५६.८. वाढवले तर ६८.७५, खरं उत्तर ६८.२. दोन्हीकडे चूक एक टक्क्याच्या आत. पार्टीसमोर उभं राहून बोलताना, हातात काही नसताना, हे पुरतं. कोटेशनमध्ये मात्र पूर्ण हिशोबच लिहायचा.

ह्याच गणितातली एक गंमतीची गोष्ट. बिल्डिंगच्या फायर पंपांचे आकडे बघितलेत का कधी? ४५० एलपीएम, ९०० एलपीएम, २२८० एलपीएम, ४५५० एलपीएम. असे वेडेवाकडे का, सरळ ५००, १०००, २५०० का नाहीत? त्यांना ४.५४६ ने भागा. ९९, १९८, ५०२, १००१ येतात. म्हणजे जवळजवळ १००, २००, ५०० आणि १००० इम्पिरियल गॅलन. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ मध्ये झाला, १९५८ पासून तो अमलात यायला लागला, पण मला तरी ह्या आकड्यांत जुना गॅलन अजून स्पष्ट दिसतो. तेच २२८० अमेरिकन गॅलनमध्ये ६०२ होतात, त्यामुळे कुणी ५०० जीपीएमचा अमेरिकन फायर पंप आणून २२८० च्या जागी चालेल म्हणाला तर चालणार नाही, तो १८९३ एलपीएमच देणार.

आता खालची बाजू, वेळ. गॅलनइतकीच फसवी ही पण आहे, कारण लोक दिवसाचा आकडा देतात आणि पंप दिवसभर चालत नाही. समजा अलकापुरीत ४८ फ्लॅटची सोसायटी आहे, फ्लॅटमागे ४ माणसं, माणशी रोज १३५ लिटर पाणी, आपल्याकडे शहरासाठी हाच आकडा धरतात. ४८ × ४ × १३५ म्हणजे दिवसाला २५,९२० लिटर. नवा माणूस पटकन २४ ने भागतो, तासाला १.०८ घनमीटर, छोटासा पंप चालेल म्हणतो. पण वॉचमन काका सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पंप लावतात. मग २५,९२० भागिले २, तासाला १३ घनमीटर, म्हणजे २१६ एलपीएम, म्हणजे ५७ अमेरिकन जीपीएम. बारा पट फरक पडला. गणित दोन्हीकडे बरोबरच होतं, पण पंप किती तास चालतो हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून दिवसाचा आकडा आला की लगेच विचारा, किती तासांत?

एमएलडीचंही तसंच. नगरपालिका पाणी एमएलडीत मोजते, म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. १ एमएलडी चोवीस तास एकसारखं वाहिलं तर तासाला ४१.७ घनमीटर, सेकंदाला ११.६ लिटर. जुन्या कागदांत एमजीडी दिसेल, मिलियन गॅलन पर डे, तिथे परत तोच प्रश्न, कुठला गॅलन, कारण इम्पिरियल असेल तर ४.५५ एमएलडी आणि अमेरिकन असेल तर ३.७९.

आणि आता क्यूसेक, जिथून सुरू केलं. सेकंदाला १ घनफूट, म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे दोन बादल्या नि थोडं जास्त, बादली १२-१३ लिटरची धरा. एवढं छोटंसंच असतं ते. पण सेकंद असल्यामुळे दिवसाला ८६,४०० ने गुणलं जातं आणि १ क्यूसेक २.४५ एमएलडी होतो. नर्मदेचा मुख्य कालवा आपल्या शहराजवळूनच जातो, त्याची सुरुवातीची क्षमता ४०,००० क्यूसेक. करून बघा, ४०,००० × २८.३२ म्हणजे सेकंदाला ११ लाख ३३ हजार लिटर, हजाराने भागलं की ११३३ घनमीटर प्रति सेकंद, ह्यालाच क्यूमेक म्हणतात. १ क्यूमेक म्हणजे ३५.३ क्यूसेक, त्यामुळे पेपरात एकीकडे क्यूसेक आणि दुसरीकडे क्यूमेक छापलं असेल तर घाबरू नका, पाणी तेवढंच आहे, पण दोन शब्द एकसारखे दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरा वाचलात तर पूर ३५ पट मोठा किंवा छोटा होतो. पुराच्या दिवसांत फॉरवर्ड करायच्या आधी एवढं तरी बघाच, लोक त्यावर घर सोडायचं की नाही ते ठरवतात.

हवेचं थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेसर आणि ब्लोअरवाले सगळे सीएफएममध्येच बोलतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, तासाला १.७ घनमीटर. १०० सीएफएमचा ब्लोअर म्हणजे तासाला १७० घनमीटर, सोपं आहे. अडचण अशी की हवा दाबली जाते आणि गरम झाली की फुगते, त्यामुळे पाण्यासारखं नुसतं एकक बदलून भागत नाही, कुठल्या टेंपरेचरला आणि कुठल्या प्रेशरला मोजलंय ते पण लागतं. डेटाशीटवर सीएफएमच्या आधी एस असेल तर ते स्टँडर्ड कंडिशनचं, आणि घनमीटरच्या आधी एन असेल तर नॉर्मल, म्हणजे शून्य डिग्री सेल्सियसचं. स्टँडर्ड ६० फॅरनहाइट धरलं तर तासाचा १ नॉर्मल घनमीटर ०.६२ एससीएफएम होतो, आणि नुसतं साधं एकक बदललं असतं तर ०.५९ आलं असतं. काही जण स्टँडर्ड ६८ फॅरनहाइटला धरतात, तेव्हा पार्टीकडून लिहून घ्या.

व्हॉल्व्हच्या कामात असाल तर सीव्ही आणि केव्ही भेटतील. सीव्ही म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये १ पीएसआयचा फरक असेल तर किती अमेरिकन जीपीएम पाणी जातं, केव्ही म्हणजे १ बारचा फरक असेल तर तासाला किती घनमीटर; पीएसआय आणि बार ही दोन्ही प्रेशरची एककं. इथे फ्लो आणि प्रेशर दोन्ही बदलतात म्हणून फॅक्टर वेगळा, सीव्ही = १.१५६ × केव्ही. इथे ४.४ लावायचा नाही, ही चूक मी बऱ्याच पोरांच्या वहीत बघितलीय. आणि बडोद्याजवळच्या कोयली तेल रिफायनरीच्या बाजूला काम लागलं तर बॅरल पर डे, १ बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, १५९ लिटर. तासाला १ घनमीटर म्हणजे दिवसाला १५१ बॅरल.

आणखी एक, हे खास आपल्याकडचं. लोक म्हणतात दोन इंची पाणी आहे, तीन इंची पाणी आहे. इंच हा फ्लो नाही, तो पाइपचा साइज आहे. दोन इंची पाइपातून पाणी किती जाणार ते वेगावर ठरतं. ५० मिलिमीटर आतला व्यास धरा, वेग सेकंदाला दीड मीटर धरा, तर तासाला १०.६ घनमीटर येतात, साधारण ४७ अमेरिकन जीपीएम. कुणी दोन इंची पाइपातून २०० जीपीएम हवेत म्हणाला तर वेग सेकंदाला ६ मीटरच्या वर जातो, पाइप ओरडायला लागेल. ताळा करायला हे फार कामाचं आहे, कन्व्हर्जन चुकलं असेल तर पाइपच सांगतो.

एक्सेल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यातल्या कन्व्हर्ट फंक्शनला नुसतं गॅल लिहिलं की ते अमेरिकन धरतं, ब्रिटिशसाठी यूके अंडरस्कोर गॅल लिहावं लागतं. आणि उत्तर ५६.७८११७६७६ आलं म्हणून तसंच कोटेशनमध्ये टाकू नका. पार्टीने २५० म्हटलंय, त्याचं ५७ किंवा फार तर ५६.८ लिहा, मधल्या पायऱ्यांत मात्र आकडा कापू नका, शेवटी एकदाच कापा.

एवढं वाचलंत तर आज घरी एक करून बघा. २० लिटरची पेंटची रिकामी बादली घ्या, नळ पूर्ण उघडा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. आमच्या दांडिया बाजारच्या घरी मागच्या रविवारी मी आणि माझ्या पुतणीने केलं, बादली काठोकाठ भरायला ९५ सेकंद लागले. २० भागिले ९५, गुणिले ६०, मिनिटाला १२.६ लिटर. तासाला ०.७६ घनमीटर. ३.३ अमेरिकन जीपीएम, २.८ इम्पिरियल. पुतणी सातवीत आहे, शेवटचे दोन आकडे तिने वहीत स्वतः काढले आणि मग विचारलं, काका, गॅलन दोन आहेत तर नळावर कुठला लिहायचा? मी म्हटलं, दोन्ही लिही, आणि पुढे नाव लिही.